बेंगाल मांजर पाळायचंय? मग आधी घर आणि दिनक्रम तयार करा

बेंगालची चौकशी करणारे बहुतेक जण आधी रंग विचारतात. ब्राऊन घ्यावं की सिल्व्हर, मोठे रोझेट (बिबट्यासारखे ठिपके) बरे की मार्बल (लाटांसारखी नक्षी)? मी त्यांना विचारते, संध्याकाळी सात ते आठ या वेळात तुम्ही घरी असता का? असलात तरी तो तास रोज, पाहुणे असोत की परीक्षा, एका जनावराला द्यायची तयारी आहे का? उत्तर अडखळत आलं तर पुढचं बोलणं तिथेच थांबवलेलं बरं. बेंगालबद्दल ऐकू येणाऱ्या जवळजवळ सगळ्या तक्रारींचं मूळ एकच: त्याला दिवसभर काही काम नसतं. ओरडणं, पडदे फाडणं, पहाटे छातीवर उडी मारणं, गादीवर मुतणं, या सगळ्याचा माग काढत गेलं की बहुधा कंटाळाच सापडतो. म्हणून हा लेख दिसण्यापेक्षा दिनक्रमावर जास्त आहे.

थोडं कूळ, कारण त्याचा कायद्याशी संबंध आहे

भारतासह आशियात बऱ्याच ठिकाणी आढळणाऱ्या रानटी बिबट मांजराचं शास्त्रीय नाव प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस. त्यावरून या जातीचं नाव पडलं. कॅलिफोर्नियाच्या जीन मिल यांनी १९६३ मध्ये या रानमांजराचा घरच्या बोक्याशी संकर करून पाहिला. मग काम बरीच वर्षं थांबलं. पुढे मांजरांच्या ल्युकेमियावरच्या संशोधनासाठी डॉ. विलार्ड सेंटरवॉल यांनी तयार केलेल्या संकरित मांजरी त्यांना मिळाल्या आणि त्यांनी पुन्हा सुरुवात केली. 'द इंटरनॅशनल कॅट असोसिएशन' या संस्थेने, म्हणजे टिकाने, १९८६ मध्ये बेंगालला नवी जात म्हणून स्वीकारलं आणि १९९१ मध्ये स्पर्धेचा पूर्ण दर्जा दिला. यात आपलाही एक धागा आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला मिल यांना दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात, गेंड्याच्या आवारात राहणारं एक ठिपकेदार बेवारशी पिल्लू मिळालं. उन्हात बेंगालचे केस सोनेरी चमकतात, ती 'ग्लिटर' त्याच बोक्याकडून आली असं मानतात. म्हणजे लाखभर मोजून लोक जी चकाकी घेतात, तिचा मूळपुरुष आपल्याकडचा भटका बोका.

आई किंवा बाप थेट रानमांजर असेल, तर ते पिल्लू एफ-१. त्याची पुढची पिढी एफ-२, मग एफ-३. चौथ्या पिढीपासून पुढे, मधल्या पिढ्यांत बेंगालचा बेंगालशीच जोड लावलेला असेल, तर त्याला 'एसबीटी' म्हणतात. घरात पाळायचं ते हेच. आधीच्या पिढ्या लाजऱ्या आणि ताणाखाली वावरणाऱ्या असतात, लिटर बॉक्सच्या, म्हणजे घरातल्या शी-शूच्या खोक्याच्या, बाबतीतही त्यांचा भरवसा नसतो. शिवाय बिबट मांजर आपल्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्यामुळे 'एफ-१ मिळवून देतो' असं कुणी म्हणालं तर त्या वाटेला जाऊ नका. परदेशातल्या मराठी मंडळींनी आपल्या गावचा नियम आधी बघावा. हवाई राज्यात आणि न्यूयॉर्क शहरात बेंगाल पाळायला बंदी आहे, आणि ब्रिटनमध्ये एफ-१साठी धोकादायक वन्य प्राण्यांचा परवाना लागतो.

पहिली पायरी: नकार द्यायची मुभा ठेवा

घरी लव्हबर्ड्स, हॅमस्टर किंवा उघडी मासळीची टाकी असेल, तर बेंगाल नको. सकाळी आठला कुलूप लागून रात्री नऊला उघडणारं घर असेल, तरी नको. मांडीवर बसून घेणारं शांत मांजर हवं असेल, तर तुमचा हिरमोड होईल. बेंगाल प्रेमळ असतं, पण त्याचं प्रेम तुमच्या मागे मागे फिरण्यात असतं. तुम्ही भाजी चिरताना ते ओट्याशेजारी उभं, तुम्ही आंघोळीला गेलात की दाराबाहेर आरडाओरडा. उचलून घेतलेलं अनेकांना आवडत नाही.

फक्त ठिपक्यांचीच भूल पडली असेल, तर एखाद्या प्राणिप्रेमी संस्थेत चक्कर टाका. आपल्या गावठी मांजरांत देखणे ठिपकेदार बोके ढिगाने असतात, आणि त्यातले बरेचसे स्वभावाने कितीतरी सोपे असतात. हे मी बेंगाल सांभाळत असताना सांगते आहे.

दुसरी पायरी: पिल्लाची निवड

बारा आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. चावताना किती जोर लावायचा, नख्या आत कधी ओढायच्या, हे पिल्लू आई आणि भावंडांकडून याच काळात शिकतं. दीड महिन्याचं आणलेलं बेंगाल पुढे हाताला कडकडून चावतं, आणि मग 'रानटी रक्त आहे' म्हणून खापर जातीवर फुटतं.

पैदास करणाऱ्याच्या घरी स्वतः जा. आई कुठे राहते ते बघा. पिल्लं माणसांच्या वावरात वाढलेली असावीत, गच्चीवरच्या पिंजऱ्यात नकोत. मग कागद मागा. बेंगालमध्ये दृष्टी जाण्याचा एक आनुवंशिक आजार आहे, पीआरए-बी. तांबड्या रक्तपेशी अकाली फुटण्याचा दुसरा आहे, पीके डेफिशियन्सी. दोन्हींसाठी डीएनए चाचणी होते, तेव्हा आईबापांचे अहवाल दाखवायला सांगा. तिसरा आजार एचसीएम, म्हणजे हृदयाच्या स्नायूची जाडी वाढणं. बेंगालसाठी याची भरवशाची जनुकीय चाचणी नाही, त्यामुळे आईबापांची सोनोग्राफी, म्हणजे इको, अलीकडे झाली आहे का ते विचारा. 'आमच्याकडे असलं काही होत नाही' हे उत्तर मिळालं, तर चहा पिऊन निघा.

आपल्या बाजारात साधं पट्टेरी मांजर 'बेंगाल' म्हणून खपवण्याचे प्रकार होतात. खऱ्या रोझेटमध्ये दोन रंग दिसतात, कडा गडद आणि आतला भाग मूळ रंगापेक्षा वेगळा. मात्र महिना-दीड महिन्यापासून साधारण चौथ्या महिन्यापर्यंत पिल्लांवर लांब विस्कटलेले केस येतात आणि नक्षी धूसर होते. त्या दिवसांत पिल्लू मळकट दिसलं तर घाबरू नका, पण निर्णय आईबापांना बघूनच घ्या. फोटोवर आगाऊ पैसे पाठवणं म्हणजे फसवणुकीला आमंत्रण.

तिसरी पायरी: पिल्लू यायच्या आधीचं घर

इथे पैसा आणि वेळ दोन्ही सैल हाताने घाला.

सुरुवात खिडक्यांपासून. कबुतरांसाठी गॅलरीला लावतात ती नायलॉनची जाळी बेंगालपुढे टिकत नाही. ते ती कुरतडतं, शिवाय उन्हाने ती ठिसूळ होते. चौकटीत घट्ट बसवलेली स्टेनलेस स्टीलची जाळी करून घ्या, भोकं पिल्लाचं डोकं जाणार नाही एवढी बारीक. सरकत्या खिडकीचा डासांच्या जाळीचा पल्ला हा सगळ्यात मोठा चोरदरवाजा. आमचा बोका खंड्या हे कसं करतो ते मी शेजारी उभी राहून पाहिलं आहे. आधी तो पल्ल्याच्या कडेला नाक लावून वारा कुठून येतो ते हुंगतो. मग एका पंजाच्या दोन नख्या फटीत अडकवतो, अंग मागे झुकवतो आणि पल्ला बोटभर सरकवतो. पुढचं काम डोकं करतं. आता प्रत्येक पल्ल्याला खाली खिटी आहे. चौथ्या मजल्यावरून मांजर पडत नाही, पडलं तरी पायावरच पडतं, या समजावर विसंबू नका. पायावर पडलेल्या मांजरांचेही जबडे आणि छातीची हाडं मोडतात.

दुसरं, उंची. बेंगालला जमिनीच्या क्षेत्रफळापेक्षा भिंत जास्त लागते. वनबीएचके असेल तरी चालतं, पण कपाटावरून खिडकीकडे आणि तिथून दारावर जाता येईल अशी फळ्यांची वाट हवी. सुताराला स्पष्ट सांगा की फळीवर पाच-सहा किलोचं जनावर धावत येऊन उडी मारणार आहे. शोभेच्या वस्तूंसाठीचे छोटे ब्रॅकेट चालणार नाहीत, भिंतीत फास्टनर ठोकूनच फळी बसवा. फळीवर जुन्या सतरंजीचा तुकडा चिकटवला की पाय घसरत नाही. नख्यांसाठी तीन फुटी लाकडी खांबाला काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. अंग पूर्ण ताणता आलं पाहिजे आणि खांब हलता कामा नये, नाहीतर तो सोडून सोफा धरला जाईल.

तिसरं, पाणी. बहुतेक बेंगालना पाण्याचं वेड असतं. दांडीचा नळ ते पंजाने दाबून उघडू शकतं. भरलेली बादली हा त्याचा खेळ, कमोडचं झाकण उघडं राहिलं तर तोही. म्हणूनच फरशी पुसायच्या पाण्याचा मुद्दा गंभीर आहे. आपल्याकडे सर्रास वापरतो ते फिनेल मांजरांना विषारी असतं, कारण त्यांच्या यकृताला फिनॉलसारखे पदार्थ नीट निकामी करता येत नाहीत. ओल्या फरशीवरून चाललेले पाय मांजर चाटतंच. कामाच्या मावशींना नुसतं 'वापरू नका' म्हणून भागत नाही, बाटलीच बदलून द्यावी लागते. आमच्या मावशींनी एक युक्ती काढली आहे. फरशी पुसायच्या आधी मोरीत उथळ घमेल्यात पाणी आणि त्यात दोन प्लास्टिकची बुचं टाकतात. "ताई, साहेब मासे धरायला बसले," असं सांगून निवांत काम उरकतात.

विषांची यादी एकदा फ्रिजवर लावून टाका: डांबरगोळ्या, पॅरासिटामॉल (एक गोळीही जीव घेऊ शकते), कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन असलेलं पिसवांचं औषध, कांदा-लसूण, चॉकलेट. झाडांत लिली सगळ्यात वाईट, तिचे परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होतात. सायकस यकृत बिघडवतो. मनीप्लांट आणि डिफेनबाकिया तोंड भाजवतात. सुईत ओवलेला दोरा, लोकर, केसांचे रबर, संक्रांतीचा मांजा उघड्यावर ठेवू नका. दोरा गिळला गेला तर आतडं कापलं जाऊ शकतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं. समई आणि पणत्या फळीच्या वाटेवर ठेवू नका, एवढं सांगायला हवंच.

चौथी पायरी: पहिले दोन आठवडे

पहिले काही दिवस पिल्लू एकाच खोलीत ठेवा. त्याच खोलीत खाणं, पाणी, लिटर, लपायला खोकं. नातेवाइकांच्या दर्शनाच्या रांगा नंतर. खायला लागलं, खेळायला लागलं की एकेक खोली उघडत जा. घरात आधीचं मांजर असेल तर दोघांना थेट समोरासमोर आणू नका. आधी अंथरुणांची अदलाबदल करा म्हणजे वास ओळखीचा होईल, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग जाळीतून भेट. वयस्क, शांत मांजराच्या घरात बेंगाल पिल्लू आणणं हा त्या म्हाताऱ्यावर अन्याय आहे असं माझं मत आहे. खेळकर कुत्र्याशी मात्र त्याची बरीचदा चांगली जमते.

पाचवी पायरी: रोजचा दिवस

मांजरं मुळात पहाटे आणि तिन्हीसांजेला तरतरीत असतात. या दोन वेळा तुम्ही पकडल्या की दिवस तुमचा. दोन्ही वेळा पंधरा-वीस मिनिटांचा खरा खेळ हवा. खरा म्हणजे काठीला दोरी आणि दोरीला पिसं बांधलेला. काठी नुसती हवेत फिरवू नका. शिकार मांजरापासून लांब पळते, त्याच्या तोंडावर येऊन आदळत नाही. पिसं सोफ्याच्या कडेने हळू सरकवा, पलीकडे अर्धी लपवा आणि थांबा. थांबणं महत्त्वाचं. बेंगाल पोट जमिनीला टेकवेल, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतील, मागचा भाग डावी-उजवीकडे हलू लागेल. तेव्हा पिसं किंचित थरथरवा. झेप येईल. चार-पाच झेपा चुकू द्या, मग पकडू द्या आणि पकडल्यावर थोडं झुंजू द्या. शेवटी खेळ मंदावत न्या आणि लगेच जेवण वाढा. शिकार, जेवण, अंग चाटणं, झोप हा त्यांचा नैसर्गिक क्रम आहे. रात्रीचा खेळ आणि जेवण तुमच्या झोपण्याच्या आधी ठेवलं, तर पहाटेची दंगल बरीच कमी होते. काम झाल्यावर काठी कपाटात, कारण दोरीसोबत मांजर एकटं सोडायचं नाही.

लेझरचा ठिपका मला आवडत नाही. हाती काहीच न लागणारी शिकार मांजराला चिडचिडं करते. वापरायचाच असेल तर शेवटी ठिपका खाऊवर किंवा खेळण्यावर आणून संपवा.

दुपारी घरात कुणी नसेल, तर कोरडं खाद्य वाटीत वाढू नका. अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, कागदी नळ्यांत, खोक्यात चुरगळलेल्या वर्तमानपत्राखाली पेरून ठेवा. त्याला शोधू दे. खेळणी सगळी एकदम बाहेर नकोत, आठवड्याला पाळी बदला. मोठं फिरतं चाक अनेक बेंगाल आवडीने वापरतात, पण महाग आहे आणि जागा खातं. आधी फळ्या, मग चाक.

शिकवणं हा याच जातीचा खरा आनंद. क्लिकर (दाबलं की 'टक्' आवाज करणारं छोटं साधन) आणि चिमूटभर उकडलेलं चिकन घेऊन बसलात, तर बस, हात दे, चेंडू आण हे जमतंच. हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घरातच सवयीचा करा, आधी नुसता जवळ ठेवून, मग अंगावर टाकून, मग बांधून. बाहेर पहिली फेरी जिन्यापुरतीच, आणि पट्टा गळ्याला नको. पण एक लक्षात घ्या, एकदा बाहेरची चटक लागली की दाराशी रोज सत्याग्रह होणार. रोज नेणं जमणार नसेल तर सुरूच करू नका.

लिटर, नसबंदी आणि ओरडणं

लिटर बॉक्स मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, आणि मोठा. दुकानात मिळतात ते बहुतेक लहान पडतात. काही बेंगाल उभ्याने मुततात, त्यामुळे उंच कडांचा प्लास्टिकचा टब घेऊन एक बाजू खाली कापलेली उत्तम. दिवसातून दोनदा साफ. बाहेर मुतलं तर फिनेलऐवजी एन्झाइमचं क्लीनर, नाहीतर वास राहतो आणि जागा ठरून जाते.

नसबंदी लांबवू नका. चार ते सहा महिन्यांत, वजन बघून, डॉक्टरांशी बोलून उरकून घ्या. न केलेला बोका भिंतीवर फवारे मारतो आणि माजावर आलेली बेंगाल मांजरी सोसायटीच्या दुसऱ्या विंगेतही ऐकू जाते. नसबंदीनंतरही बेंगाल बोलकंच राहतं, ते स्वीकारूनच आणा. ओरडल्यावर खाऊ दिलात की त्याने तुम्हाला शिकवलं असं समजा. ओरडणं थांबल्यावर लक्ष द्या. पाण्याचा फवारा शिक्षा म्हणून वापरायचा सल्ला कुणी दिला तर बेंगालवर तो फुकट आहे. ते मजेने आणखी एक मागतं.

खाणं

मांजर पूर्ण मांसाहारी. दूध-भात किंवा नुसतं उकडलेलं चिकन वर्षानुवर्षं दिलं तर टॉरिन (मांजराला लागणारं एक पोषकद्रव्य) आणि कॅल्शियम कमी पडतं. टॉरिनच्या कमतरतेने हृदय आणि डोळे दोन्ही बिघडतात. वयानुसार 'कम्प्लीट' लिहिलेलं खाद्य मुख्य ठेवा, त्यात वेट फूडचा वाटा चांगला असू द्या. चिकन खाऊपुरतं. कच्च्या मांसाचं बेंगालवाल्यांत फॅड आहे. आपल्या बाजारातल्या मांसाचा प्रवास पाहता मी त्याच्या विरोधात आहे. बरगड्या दिसू नयेत, पण हात फिरवल्यावर जाणवल्या पाहिजेत.

डॉक्टरकडे

पिल्लाच्या लशी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत चालतात, रेबीजची बाराव्या आठवड्यानंतर. पुण्यात महापालिकेने मांजरांसाठीही परवाना सक्तीचा केला आहे, तेव्हा रेबीजचं प्रमाणपत्र जपून ठेवा. मोठं झाल्यावर दरवर्षीच्या तपासणीत हृदयाच्या इकोबद्दल विचारा. स्टेथोस्कोपने ऐकून एचसीएम दर वेळी कळतोच असं नाही. पिल्लाला घाण वासाचे जुलाब चालूच असतील आणि जंताच्या औषधाने थांबत नसतील, तर डॉक्टरांना ट्रायट्रायकोमोनासच्या चाचणीबद्दल विचारा. बेंगालसारख्या पैदाशीच्या मांजरांत तो जंतू वरचेवर आढळतो.

थांबायचं नाही असे दोन प्रसंग: बोका लिटरमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय आणि लघवी होत नाही, किंवा तोंड उघडं टाकून धापा टाकतोय. दोन्हीत रात्र असली तरी निघायचं, सकाळची वाट पाहायची नाही.

गावाला जाताना

बेंगाल बारा ते सोळा वर्षं जगतं. त्यात तुमच्या किती लग्नसराया, बदल्या, आजारपणं येतील ते मोजा आणि तुमच्याखेरीज त्याला सांभाळू शकणारा एक माणूस आत्ताच ठरवा. त्याला काठीचा खेळ तुमच्यासमोर दोन-तीनदा खेळायला लावा, नुसतं खाद्याचा डबा दाखवून चालत नाही. कॅरियर कायम खोलीत उघडा ठेवा, आत अंथरूण टाकून, म्हणजे तो दिसला की पळापळ होत नाही. शेजाऱ्यांकडे चावी देताना चिठ्ठीत डॉक्टरांचा आणि रात्री चालू असणाऱ्या दवाखान्याचा नंबर लिहा, दार उघडताना आधी पाय आत घालायला सांगा, खिडक्यांच्या खिट्या बघून घ्या. आणि बाथरूमच्या पाण्याचा मुख्य कॉक बंद करूनच निघा.